लाव्हा संपेपर्यंत

राजा-राणीची गोष्ट आज नको. आज आमच्याच प्रवासाची सांगतो. संक्रांतीच्या आधी मी आणि तुमची आजी गाडी घेऊन हैदराबादला गेलो होतो ना, त्याची. तिथे आमचे जुने स्नेही राहतात. नोकरीत असताना आमचं नि त्यांचं बिऱ्हाड शेजारी-शेजारी होतं. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी परतले. तुमचा बाबा म्हणत होता, "या वयात गाडी कशाला? विमानाने जा, तासाभरात पोचाल." खरं आहे त्याचं. पण विमानातून जमीन दिसत नाही, आणि मला जमीनच बघायची होती.

पुणे ते हैदराबाद हा साडेपाचशे किलोमीटरचा रस्ता आहे. वरवर बघाल तर कंटाळवाणा. घाट नाही, जंगल नाही, ऊस आणि ढाबे. पण चाकांखाली काय चाललंय ते माहीत असेल, तर झोप लागणार नाही. निघताना गाडी ज्या दगडावर उभी असते, त्याचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. पोचल्यावर ज्या दगडावर उभी राहते, त्याचं वय 250 कोटी. मधे कुठेतरी पहिला दगड संपतो आणि दुसरा सुरू होतो. ते "कुठेतरी" मला शोधायचं होतं.

दगडाचं वय कसं मोजतात? बरोब्बर विचारलंस. दगडात पोटॅशियम असतं. त्यातलं अगदी थोडं पोटॅशियम किरणोत्सारी असतं आणि अतिशय संथ पण ठरलेल्या गतीने त्याचा आर्गॉन नावाचा वायू होत राहतो. दगड वितळलेला असतो तेव्हा हा वायू निसटून जातो. दगड थिजला की मात्र तो आत अडकतो. तेव्हा किती आर्गॉन साठलाय ते मोजायचं, की दगड केव्हा थिजला ते कळतं. घड्याळ दगडाच्या पोटातच आहे, आपण फक्त वाचायचं.

तर आपला इकडचा दगड. सिंहगड घ्या, शिवनेरी घ्या, अजिंठ्याची लेणी घ्या, सगळा एकच काळा बेसॉल्ट. हा ज्वालामुखीचा लाव्हा आहे. पण ज्वालामुखी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो टोकदार, धूर सोडणारा डोंगर येतो ना, तसं इथे काही नव्हतं. जमिनीलाच लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला. एक थर पसरायचा, थिजायचा. मधे बराच काळ जायचा, वर माती तयार व्हायची. मग पुढचा थर त्या मातीवरून जायचा आणि तिला भाजून काढायचा. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे नीट बघा, काळ्या दगडांच्या मधे विटकरी रंगाची पट्टी दिसते. ती ही भाजलेली माती. एवढी झीज होऊनही आज साधारण पाच लाख चौरस किलोमीटरवर हा लाव्हा उरलाय. कळसूबाई 1646 मीटर उंच, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत लाव्हाच! हे सगळं चाललं होतं त्याच सुमाराला पृथ्वीवरचे डायनोसॉर संपले. काही शास्त्रज्ञ त्याचा दोष मेक्सिकोजवळ पडलेल्या अशनीला देतात, काही आपल्या लाव्हालाही थोडा वाटा देतात. तो वाद अजून मिटलेला नाही.

पहाटे निघालो. हडपसर, लोणी, यवत, पाटस... हे पटापट मागे पडलं. भिगवणला मात्र आजीने गाडी वळवायला लावली. म्हणाली, "अहो, दगड काय पळून जाणार आहेत? पक्षी मार्चनंतर नसतात."

भीमेवर उजनीचं धरण बांधलं, ते 1980 साली पूर्ण झालं. त्याचं पाणी मागे पार भिगवणपर्यंत येतं. गावं उठली, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की त्याचं शिखर डोकं वर काढतं. ज्यांची शेतं गेली, त्यांतले काही मासेमारी करू लागले, आणि आता त्यांच्या होड्या पक्षी बघणाऱ्यांना फिरवतात. कुंभारगावच्या काठावरून आम्ही तशाच एका होडीत बसलो.

रोहित पक्षी थोडेच होते. पाणी अजून बरंच होतं. ते ओसरून चिखल उघडा पडायला लागला, की रोहितांचे थवे उतरतात. तरी जे होते ते नावाड्याने इंजिन बंद करून जवळून दाखवले. रोहित चोच उलटी करून खातो. डोकं खाली, चोचीची वरची बाजू चिखलाकडे. जीभ मागे-पुढे करून तो पाणी आत ओढतो आणि बाहेर ढकलतो. चोचीच्या कडांना बारीक चाळणी असते, तिच्यात शेवाळ आणि इवलेसे जीव अडकतात. त्या खाण्यातच एक रंगद्रव्य असतं, गाजरात असतं त्याच्या जातीचं, आणि त्यानेच पिसं गुलाबी होतात. पिल्लं जन्मतात राखाडी. आपल्याकडचे रोहित बहुतेक कच्छच्या रणात घरटी करतात, त्यामुळे इथे दिसतात ती पिल्लं बऱ्यापैकी मोठी झालेली, पण रंग न आलेली.

एका पायावर उभा राहून झोपतो तो, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात कसरत किती? काहीच नाही. 2017 साली शास्त्रज्ञांनी मेलेला रोहित एका पायावर उभा करून बघितला, तर तो उभा राहिला! दोन पायांवर मात्र राहीना. म्हणजे शरीराचा भार पायाच्या सांध्यात असा बसतो की स्नायूंना जोर लावावाच लागत नाही. आजी लगेच म्हणाली, "आणि तुम्हाला मोजा घालताना भिंत लागते."

पण माझा जीव अडकला तो दुसऱ्याच पक्ष्यांत. काठाजवळच्या हिरव्यात काही राखाडी हंस चरत होते. पांढरं डोकं आणि मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. पट्टकादंब म्हणतात त्याला. दिसायला साधा, रोहितासमोर कुणी फोटोही काढत नाही त्याचा. पण हा उन्हाळ्यात तिबेटात, मंगोलियात असतो आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. ओलांडून म्हणजे खरंच ओलांडून. शास्त्रज्ञांनी या हंसांना यंत्रं बसवून मोजलंय, त्यात 7,000 मीटरच्याही वर गेलेला हंस सापडला. तिथे हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याहूनही कमी असतो. माणूस तिथे दहा पावलं चालून धापा टाकतो आणि हा पंख मारत जातो. गरुडासारखं नुसतं तरंगत नाही, पंख मारत!

त्याला जमतं कसं? त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूला सखल भागातल्या इतर हंसांपेक्षा घट्ट धरतं. शिवाय सगळ्याच पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, आपल्यासारखी आत-बाहेर करत नाही, म्हणून शिळी हवा ताजीत मिसळत नाही. आणि तिसरी गोष्ट अकलेची. तो बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे उडतो, तेव्हा हवा थंड आणि दाट असते, पंखांना आधार जास्त मिळतो. उंचीवरच राहायचा हट्टही करत नाही. डोंगर चढला की चढायचं, दरी आली की उतरायचं. नर-मादीची जोडी वर्षानुवर्षं टिकते आणि त्या वर्षीची पिल्लं आईबापांबरोबरच हा प्रवास करतात. वाट कोणी शिकवत नाही, सोबत उडून कळते. इकडे आल्यावर मात्र शेतकरी त्यांच्यावर वैतागतात, कारण हरभऱ्याचे, गव्हाचे कोवळे कोंब त्यांना फार आवडतात.

"नवरा-बायको लांबच्या प्रवासाला निघालेत आणि वाटेत खातायत," आजी म्हणाली, "हे काही नवीन नाही." मग आम्हीही भिगवणला चिलापीचं कालवण आणि भाकरी खाल्ली. चिलापी हा मूळचा आफ्रिकेचा मासा बरं का. त्या जेवणात इथली म्हणावी ती भाकरी. आणि तीसुद्धा ज्वारीची, म्हणजे तिचं मूळही आफ्रिकेचंच, पण ती हजारो वर्षांपूर्वी आली म्हणून आपण तिला घरची समजतो.

इंदापूर सोडलं की माती काळी व्हायला लागते. टेंभुर्णी, मोहोळ, सोलापूर, इथे ती किती खोल असते! ही माती म्हणजे आपला बेसॉल्टच, कुजून-झिजून पीठ झालेला. तिच्यात एक अतिबारीक चिकणमाती असते, पापुद्र्यांपापुद्र्यांची. पाणी मिळालं की ते पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पुढच्या पावसात फुगून वर येते. वर्षानुवर्षं हे चाललं की शेत आपलंआपणच खालवर होत राहतं. म्हणून जुनी माणसं काळीत घर बांधत नसत, पांढरीवर बांधत. काळीतली भिंत सरळ राहतच नाही. त्या पट्ट्यातले विजेचे खांब बघा, कुठे ना कुठे एखादा वाकडा झालेला असतोच.

आणि याच फुगण्या-आकसण्यामुळे सोलापूरकर जगतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सोलापूरला त्याचा दहावा हिस्साही जेमतेम. ढग सह्याद्रीवर चढतानाच रिकामे होतात. पण जो काही सप्टेंबरचा पाऊस पडतो, तो ही माती धरून ठेवते. रब्बीची ज्वारी पेरल्यानंतर पाऊस जवळपास पडतच नाही, साठवलेल्या ओलीवर पीक कणसापर्यंत येतं. मालदांडी ज्वारी तुम्ही खाता ना, मोहोळच्या संशोधन केंद्रातच तिची निवड झाली. आम्ही गेलो तेव्हा हुरड्याचे दिवस होते. एका शेताच्या बांधावर गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजणं चाललं होतं. ओळख ना देख, पण हाक आली, "या, बसा काका." बसलो.

तिथेच एक नवी विहीर खणली होती आणि दगडांचा ढिगारा बाजूला पडला होता. मी काठी टेकत तिकडे गेलो. एक फुटका दगड उचलला, बाहेरून अगदी सामान्य, काळसर. आत मात्र सुपारीएवढी पोकळी आणि तिच्या सगळ्या भिंतींवर पांढऱ्या सुया उगवलेल्या. केसाइतक्या बारीक, एकाच बिंदूतून फाकलेल्या. उन्हात धरल्या तर काचेसारख्या चमकल्या. हा झिओलाइट. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या या पोकळ्या. नंतर लाखो वर्षं गरम पाणी दगडातून झिरपत राहिलं आणि त्यात विरघळलेली खनिजं पोकळीत कणाकणाने जमत गेली. पुण्या-नाशिकच्या खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. शेतकरी म्हणाला, "असले लै निघतात. पोरं खेळतात फेकाफेकी." मी एक मागून घेतला. तो समोर कपाटात आहे ना, तोच.

रात्री सोलापूरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी नळदुर्ग लागला. बोरी नदी किल्ल्यातच अडवलीय आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय, वरून पाण्याचा पडदा पडतो. पावसाळ्यात. आम्ही गेलो तेव्हा कोरडा होता, त्यामुळे जास्त सांगण्यासारखं काही नाही.

उमरग्याला मात्र गाडी थांबवली. तिथून उत्तरेला, फार लांब नाही, किल्लारी आहे. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. 6.2 तीव्रतेचा. त्या भागातली घरं काळ्या दगडांची, जाड भिंतींची, पण मधे सिमेंट नाही, नुसता मातीचा गिलावा. ती झोपेतल्या माणसांवर कोसळली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तोवर लोक समजत होते की दख्खनचं पठार म्हणजे अढळ, इथे धरणी हलायची नाही. पण आपला सगळा देश दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतोय आणि आशियाला रेटतोय. तो ताण आतल्या जुन्या खडकात साठत राहतो आणि कधीतरी एखादी पुरातन भेग सरकते.

ही भेग होती कुठे, हे बघायला शास्त्रज्ञांनी किल्लारीला जमिनीत खोल भोक पाडलं. आणि आता माझ्या गोष्टीचा मुद्दा येतो, नीट ऐका. 338 मीटर खोलीपर्यंत नुसता बेसॉल्ट लागला. त्याखाली आठ मीटर जुना गाळ, म्हणजे लाव्हा यायच्या आधी ही जमीन जशी होती तिचा उरलेला वरचा थर. आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा खडक, पार संपेपर्यंत. कोयनेजवळ असंच भोक पाडलं तेव्हा बेसॉल्टची जाडी एक किलोमीटरच्या आसपास भरली होती. पश्चिमेला किलोमीटरभर, किल्लारीला तिसरा हिस्सा. लाव्हा पूर्वेकडे पातळ होत चाललाय, आणि खालचा म्हातारा खडक वर येतोय. आपण सपाट रस्त्याने चाललोय असं वाटतं, पण खरं तर आपण त्याच्या जवळ जवळ जात असतो.

मग कर्नाटक लागतं, हुमनाबाद, आणि पुढे तेलंगणात जहिराबाद. इथे आजीच आधी ओरडली, "अहो, हे तर कोकण!" कारण माती तांबडीलाल आणि कडेला चक्क जांभा. रत्नागिरीची ना ती, जांभा तिला अंधारातही ओळखता येतो. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. भरपूर पाऊस आणि उष्णता असली की बेसॉल्टमधली वाळूची जात पाणी धुऊन नेतं, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहतं, आणि लोखंड गंजून तांबडं होतं. म्हणजे आज कोरड्या असलेल्या या मुलखात एके काळी कोकणासारखा पाऊस पडत होता, त्याचा हा पुरावा. इथून उत्तरेला बिदर याच जांभ्याच्या पठारावर आहे. पाणी जांभ्यातून झिरपतं आणि खालच्या घट्ट बेसॉल्टवर अडतं. बहामनी काळातल्या कारागिरांनी हे हेरलं आणि नेमक्या त्या सांध्यावर जमिनीखालून लांब बोगदे खोदून शहरात पाणी आणलं. भूगर्भशास्त्राचं पुस्तक निघायच्या कितीतरी आधी!

सदाशिवपेठ मागे पडली आणि मी खिडकीला डोळे लावले. काळी माती विरळ होत गेली, मधेच तपकिरी, मधेच वाळूमिश्रित तांबूस. संगारेड्डीच्या आसपास रस्त्याच्या डावीकडे एक टेकडी दिसली. आपल्याकडच्या टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्या असतात, माथा सपाट. ही तशी नव्हती. गोल गोल शिळा, एकीवर एक, कुणीतरी हाताने रचल्यासारख्या. लाव्हा संपला होता.

गाडी थांबवून उतरलो. एक शिळा हाताने चाचपली. बेसॉल्ट हाताला एकसारखा लागतो, त्यातले कण डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत, कारण तो उघड्यावर भराभर थिजला. कण वाढायला वेळच मिळाला नाही. हा दगड खरखरीत. नखाएवढे गुलाबी तुकडे, ते फेल्डस्पार. त्यांच्या मधे मेणचट, काचेसारखे कण, ते क्वार्ट्झ. आणि काळे चमचमते ठिपके म्हणजे अभ्रक. सुरीच्या टोकाने एक उचकटला तर कागदासारखा पापुद्रा सुटून आला. एवढे मोठे कण व्हायला दगड अतिशय सावकाश निवावा लागतो, आणि सावकाश निवतो तो जमिनीखाली काही किलोमीटरवर, वर जाड पांघरूण असेल तरच. मग तो इथे उघड्यावर कसा? वरचं सगळं पांघरूण पाण्याने आणि वाऱ्याने नेलं म्हणून. डोंगरच्या डोंगर वाहून गेलेत तिथून.

आणि गोल का? वरचं ओझं गेल्यावर दगड सैल होतो, त्याला आडव्या-उभ्या चिरा पडतात. सुरुवातीला सगळे चौकोनी ठोकळेच असतात. मग चिरांतून पाणी शिरतं. सपाट बाजूला पाणी एकीकडून झिजवतं, कडेला दोन बाजूंनी आणि कोपऱ्याला तिन्ही बाजूंनी. न्हाणीघरातल्या साबणाच्या वडीचे कोपरे आधी जातात, तसंच. झिजलेली रेती पावसाने धुऊन नेली की आतले गोळे जागच्या जागी उरतात, एकमेकांवर. ते वरून गडगडत आलेले नाहीत, मुळात तिथलेच आहेत. आजीला काही ते पटेना. म्हणाली, "भीमाने ठेवलेत, हे ऐकायला बरं वाटतं."

पुढे पटाणचेरूला रस्त्यालगत इक्रिसॅट लागतं. कोरडवाहू शेतीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, 1972 सालची. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग. त्यांच्या एकाच आवारात काळी माती पण आहे आणि तांबडी पण. कोरडवाहू भारताचे दोन्ही नमुने एका कुंपणात. म्हणजे मी खिडकीतून जो सांधा शोधत होतो, त्याच्या शेजारी बसून माणसं पन्नास वर्षं पिकं काढतायत.

स्नेह्यांच्या घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांच्या अंगणात हत्तीएवढी एक शिळा आहे. घर बांधताना ती फोडायला ठेकेदार सुरुंग घेऊन आला होता, पण वहिनींनी फोडू दिली नाही. आता तिच्यावर त्या वाळवण घालतात. शहराच्या पश्चिमेला मात्र असल्या टेकड्याच्या टेकड्या फोडून इमारती झाल्यात. मित्र म्हणाला, "घरं तर हवीतच ना रे." हवीत. पण 250 कोटी वर्षांचा दगड फोडून त्याची खडी करावी, आणि ती खडी आपण तीस वर्षं टिकणाऱ्या इमारतीत घालावी, हा हिशोब मला काही जमत नाही. गोवळकोंड्याच्या कारागिरांनी शिळा न फोडता त्यांच्याभोवतीच तट वळवले, तेही बघून आलो.

काय म्हणालास? हा दगड थिजला तेव्हा हैदराबादला काय होतं? बाबा रे, तेव्हा झाड नव्हतं, गवत नव्हतं, किडामुंगी नव्हती. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होते, बस्स. हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हताच. त्यातल्याच काही जीवांनी तो बनवायला घेतला होता, आणि हवेत तो साठायला अजून काही कोटी वर्षं जायची होती. चंद्र आजच्यापेक्षा जवळ होता. पृथ्वी जास्त वेगाने फिरत होती, त्यामुळे दिवसही चोवीस तासांचा नव्हता, बराच लहान होता.

नाही, शाळा लवकर सुटत नव्हती. आणि सुट्टीही तितकीच लहान झाली असती, हे आधी लक्षात घे.